शेकाचा पट्टा

"मॅडम, आपल्या मालनकाकू खो-खो खेळतात का?"

फिरोजने हे इतक्या गंभीर चेहऱ्याने विचारलं की मी हातातला चहा खाली ठेवला. फिरोज मुजावर हा आमच्या गुडघ्यांच्या संशोधन केंद्राचा इंजिनिअर. यंत्रांशी तासन्‌तास बोलतो, माणसांशी कामापुरतं. थट्टा करणं त्याच्या स्वभावातच नाही.

"काकू अडुसष्ट वर्षांच्या आहेत," मी म्हटलं. "दोन्ही गुडघे झिजलेत. जिना चढताना देवाचं नाव घेतात आणि उतरताना माझ्या नावाने बोटं मोडतात. त्या कुठला खो-खो खेळायला?"

"मग हे ऐका."

त्याने काकूंच्या गुडघ्याला बांधलेल्या पट्ट्यातला आवाज चालू केला. आधी काकूंचा नेहमीचा गुडघा ऐकू आला. ओल्या वाळूवर चप्पल घासावी तशी करकर, मग थांबणं, मग पुन्हा करकर. हा गुडघा मी झोपेतसुद्धा ओळखेन.

"आता त्याच दिवशीचा संध्याकाळचा," फिरोज म्हणाला.

संध्याकाळी त्याच पट्ट्यात भलताच गुडघा बोलत होता. मऊ, तरुण, कामाला चोख. उकिडवं बसणं, एका झटक्यात उठणं, सुसाट पळणं, खाडकन वळणं, पुन्हा बसणं. सांगलीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हा खो-खोचा सराव होता. आणि एका वळणावर त्या मऊ आवाजात मधेच काहीतरी घसरल्याचं ऐकू आलं. अगदी बारीक. दार बिजागरीतून किंचित निखळावं, तसं. मी ते तीनदा लावून ऐकलं.

गुडघा बोलतो हे आता कुणाला नवं राहिलेलं नाही, तरी तो काय बोलतो ते थोडं सांगते. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवर जिथे टेकतात तिथे दोन्हींवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं आणि मधे वंगण. सगळं ठाकठीक असलं की हालचालीचा आवाज अगदी थोडा होतो, आपल्या कानांना ऐकू न येणारा. कूर्चा झिजली की तो खरखरीत होत जातो. शिवाय गुडघ्याच्या आत दोन हाडांना बांधून ठेवणारी लिगामेंट असतात. त्यांतलं पुढचं लिगामेंट नडगीला मांडीच्या पुढे सरकू देत नाही. खेळाडू पळता पळता वळतो तेव्हा सगळा भार त्या बोटभर दोरीवर येतो. ती दोरी विरली की नडगी क्षणभर पुढे सरकते आणि परत येते. खेळणाऱ्याला वाटतं, पाय जरासा लचकला.

एमआरआयचा फोटो निजलेल्या गुडघ्याचा असतो. डॉक्टरचा हातही निजलेल्याच गुडघ्यावर फिरतो. आमच्या पट्ट्यात बारीक मायक्रोफोन आणि हालचाल मोजणारे सेन्सर बसवलेत. तो जिन्यावर, शेतात, मोरीत, मैदानात माणसाबरोबर राहतो आणि गुडघा ऐकतो. पण यंत्राने सांगितलं म्हणून ते खरं, असं वैद्यकात चालत नाही. म्हणून आमचा अभ्यास. शस्त्रक्रिया ठरलेल्या सहभागी माणसाने आधी काही महिने पट्टा वापरायचा. पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जन दुर्बिणीतून गुडघ्याच्या आत पाहील. तोवर यंत्राचं मत कुलूपबंद. ना मला दिसणार, ना फिरोजला, ना पेशंटला. शेवटी दोन्ही मतं शेजारी ठेवून बघायचं, यंत्र किती खरं बोलतं.

या कुलपाला एकच फट होती. आवाज सहभागी माणसाशी जुळला नाही, तर यंत्र ते ध्वनिमुद्रण सदोष म्हणून बाजूला टाकतं, आणि बाजूला टाकलेल्यावर कुलूप नसतं. त्यामुळे यंत्राचं मत पडद्यावर उघडं होतं: पुढचं लिगामेंट, बहुतांश तुटलेलं. जोराच्या वळणावर पूर्ण तुटण्याची दाट शक्यता.

"कुणाचा गुडघा आहे हा?" फिरोजने विचारलं.

मला अंदाज होता. काकू दर भेटीला भडंगाचा डबा आणतात आणि भडंगाबरोबर सुनेचं कौतुक. प्रणाली. शाळेत खेळाची शिक्षिका, जिल्ह्याच्या संघाची कर्णधार, खांबावर सूर मारून गडी टिपणारी. येत्या रविवारी तिच्या संघाचा अंतिम सामना होता. बसस्टँडवरच्या मोठ्या पडद्यावर रोज तिचा चेहरा झळकत होता.

"पूस ते," मी म्हटलं. "ज्याची संमती नाही त्याचा आवाज आपल्याला ठेवता येत नाही."

"पुसतो. पण आपण ऐकलंय मॅडम."

तेच तर दुखणं होतं. फाइल पुसता येते, डोकं पुसता येत नाही.

*

मालनकाकू दुसऱ्या दिवशी आल्या, डबा घेऊनच.

"काकू, पट्टा कुणाला दिला होतात?"

"मी?" त्यांनी छातीवर हात ठेवला. "डॉक्टरीणबाई, मंगळसूत्राइतका जपते मी तो."

"काकू."

"आंघोळीला तेवढा काढून ठेवते."

"काकू, तुमचा गुडघा संध्याकाळी खो-खो खेळतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फिरोजकडे, मग डब्याकडे. आणि एकदम खुदकन हसल्या. चोरी पकडली गेल्यावर इतकं मोकळं हसणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

"आता काय सांगू. सून माझी पंधरा दिस झालं जिना उतरताना कठडा धरती. इचारलं तर म्हनती, काय न्हाई आई, जरा मुरगाळलाय. मला काय डोळं न्हाईत? तुमचा पट्टा कसा, बांधला की मिनटात ऊन लागतो. गोड शेक बसतो बगा. मला त्यानं लई उतार पडला. मग म्हनलं, माझं म्हातारीचं गुडघं बरं होतंय, तर तिचं का न्हाई हुनार? सरावाला निगाली की मीच बांधते. नको नको म्हनती, पर माझ्यापुढं तिचं चालत न्हाई."

पट्टा ऊन लागतो, कारण त्यात बॅटरी असते. काकूंना उतार पडला, कारण पट्टा बांधल्यावर त्या रोज देवळापर्यंत चालायला लागल्या होत्या. आम्ही सुरुवातीला पाऊण तास समजावून सांगितलं होतं की हा उपचार नाही, तपासणी आहे. काकूंनी मान डोलावली होती, सही केली होती, आणि घरी जाऊन आपल्या हिशोबाने त्याचं औषध करून टाकलं होतं. आमच्याकडे औषध एकट्याने घेण्याची पद्धत नाही. मला लागू पडलं की ते शेजारणीला, बहिणीला, सुनेला. हे आम्हा शहाण्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

मी चिडायचं ठरवलं होतं. तशी मी चिडकी आहे, केंद्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पण काकूंच्या तोंडाकडे बघून ते जमेना.

"काकू, हा पट्टा बरं करत नाही. तो फक्त ऐकतो."

"म्हंजे शेक न्हाई?"

"नाही."

त्यांचा चेहरा पडला. पण दुसऱ्याच क्षणी त्या पुढे सरकून बसल्या. "ऐकतो म्हंता. मग तिचं काय ऐकलं त्यानं?"

काय सांगणार? सांगायचा अधिकार नव्हता. प्रणालीची संमती नव्हती. यंत्र खरं बोलतं की खोटं, हेही अजून ठरायचं होतं. उद्या त्याच्या शब्दावर एका मुलीचा अंतिम सामना हुकला आणि गुडघा धडधाकट निघाला तर? आणि खेळली आणि मैदानातच तो गुडघा गेला तर?

"काकू, मला ते सांगता येत नाही."

काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं. बायकांच्या चेहऱ्यावरून घरातली निम्मी दुखणी ओळखणारी ती बाई. माझा चेहरा तिला काय अवघड होता.

"कळलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिला घिऊन येते."

*

प्रणाली आली ती सासूबाईंवर चिडूनच. उंच, काटक, केस घट्ट बांधलेले, अंगात संघाचा टी-शर्ट. काकूंना बाहेर बाकावर बसवून ती एकटीच आत आली.

"मॅडम, आईंचं काही मनावर घेऊ नका. संघाच्या डॉक्टरांनी बघितलंय. फिरत्या एमआरआयची गाडी आली होती तेव्हा फोटोही काढलाय. सूज आहे, ताण आहे म्हणाले. फाटलेलं काही नाही."

"मग माझ्या हातालाही एकदा बघू दे. दोन मिनिटांचं काम."

ही तपासणी फार जुनी. गुडघा किंचित वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्या हाताने नडगी हलकेच पुढे ओढायची. लिगामेंट शाबूत असलं की नडगी सरकते न सरकते तोच आतून ठाम अडते. तुटलेलं असलं की ती अडत नाही, मऊपणे पुढे येत राहते. तीस वर्षं मी हे करते आहे. माझ्या हाताचा मला भरवसा आहे.

मी नडगी ओढली. ती ठामपणे अडली. पुन्हा ओढली. पुन्हा अडली.

"बघा," प्रणाली म्हणाली. "मी म्हटलंच होतं."

माझा हात म्हणत होता ठीक आहे, यंत्र म्हणत होतं नाही. एरवी मी हाताच्या बाजूने उभी राहिले असते. पण एक गोष्ट खटकत होती. तिच्या मांडीचा मागचा स्नायू माझ्या बोटांखाली दगडासारखा घट्ट होता. तिला सांगितलं, पाय सैल सोड. तिने प्रामाणिकपणे सोडला, पण तो सुटेना. खेळाडूचे स्नायू जबरदस्त असतात, आणि मनात भीती असली की ते आपोआप पहारा देतात. नडगीला मागून घट्ट धरून ठेवतात. मग तुटलेल्या दोरीचं काम स्नायू करतात, आणि डॉक्टर फसतो.

"तुला भीती वाटतेय का?" मी विचारलं.

"कशाची?" ती ताडकन म्हणाली. मग थोडं थांबून, "आईंनी तुम्हाला सांगितलं असेल. सुपारीच्या दिवशी आमच्या घरात सगळे बसले होते. मी सगळ्यांसमोर विचारलं, मला लग्नानंतर खेळू द्याल का. माझी आई मला चिमटे काढत होती. ह्या उठल्या आणि म्हणाल्या, मी जित्ती हाय तवर तुला खेळू नको म्हणणार न्हाई. गावातल्या बायका बोलायच्या, सून चड्डी घालून पळते म्हणून. तर ह्या सामन्याला सगळ्यांच्या पुढे जाऊन बसायला लागल्या. माझे मिस्टर मस्कतला असतात, वर्षातून एकदा येतात. घरात आम्ही दोघीच. मॅडम, हा कप मला माझ्यासाठी नकोय. तो आईंच्या हातात द्यायचाय. आणि आता त्याच मला इथे घेऊन येतात."

तिचे डोळे भरून आले. तिने तोंड फिरवलं. मी तिला जाऊ दिलं. हातात काही सापडलं नव्हतं, मग अडवणार कशाच्या जोरावर?

बाहेर बाकावरून काकू उठल्या. प्रणालीने त्यांच्या कोपराला धरलं आणि त्यांना सावकाश पायऱ्या उतरवल्या. रागात होती, पण हात सोडला नाही. आणि दोघींमध्ये उजवा पाय जपून टाकत होती ती प्रणाली.

*

"मॅडम, एक सांगू का?" फिरोज दारात उभा होता. "ते मुद्रण मी पुसलं. खरंच पुसलं. पण पुसण्याआधी एक गोष्ट दिसली होती, ती डोक्यातून जात नाही."

"बोल."

"स्नायू काम करत असले की गुणगुणतात, हे तुम्हाला माहीतच आहे. खर्जात. आपला पट्टा तेही ऐकतो. सरावात त्या मुलीचे स्नायू भरपूर गुणगुणत होते. घरी आल्यावर, बसल्यावरही, थोडे चालूच. पण त्यानंतर रोज एक वेळ अशी यायची की सगळे एकदम गप्प. पूर्ण गप्प. मी आजवर भूल दिलेल्या पेशंटचीच इतकी शांतता ऐकली आहे. आधी वाटलं, पट्टा काढून ठेवला असेल. पण नाडी ऐकू येत होती."

"रोज?"

"रोज. सरावानंतर थोड्या वेळाने."

मी काकूंना फोन लावला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"काकू, प्रणाली सरावावरून आली की काय करते?"

"काय करनार? हातपाय धुती आन माझ्या मांडीवर डोकं टाकून पडती. मी तिच्या डोस्क्यात तेल घालते. निस्ती बडबड करती, मग बोलता बोलता गप हुती. घोड्याएवढी झाली पर अजून..." काकू हसल्या. "का वं?"

"मी उद्या संध्याकाळी तुमच्या घरी येते," मी म्हटलं. "चहाला."

*

त्यांचं घर नदीच्या अलीकडे, नव्या वसाहतीत. दोन खोल्या, मागे पेरूचं झाड. भिंतीवर प्रणालीचे फोटो आणि खिळ्याखिळ्याला पदकं. एका पदकाला काकूंनी चक्क देव्हाऱ्यातली झेंडूची माळ घातली होती.

प्रणालीने मला बघून कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, तुम्ही ऐकणार नाही का?"

"नाही ऐकणार," मी म्हटलं. "पण आज तुझ्या परवानगीशिवाय हात लावणार नाही. काकू रोज तुझ्या डोक्याला तेल घालतात ना? आजही घालू देत. तू पड. मी तुझा पाय तेवढा हातात धरते. काही सापडलं नाही, तर रविवारी पहिल्या रांगेत बसून मी तुझ्या नावाने ओरडेन."

ती हसली नाही. पण सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. काकूंनी वाटीतलं कोमट तेल टाळूवर सोडलं आणि बोटं फिरवायला सुरुवात केली. मी खाली सतरंजीवर बसून तिचा उजवा पाय माझ्या मांडीवर घेतला. स्नायू दगडासारखाच होता.

"आज शाळंत काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही."

"त्या दुसरीतल्या पोराचा दात पडला का शेवटी?"

"पडला," प्रणाली म्हणाली. थोडं थांबून, "माझ्या हातात दिला त्यानं. म्हणतो, मॅडम, तुमच्याकडे ठेवा, घरी आजी फेकून देईल."

"मग?"

"माझ्या पिशवीत आहे."

काकू खो खो हसल्या. हसता हसता त्यांची मांडी हलली आणि तिच्यावरचं डोकंही हललं. प्रणाली पण हसली. मग बोलत राहिली. शाळेतली भांडणं, संघातल्या कुणाचं ठरलेलं लग्न, पेरूवर येणारे पोपट. काकूंची बोटं थांबत नव्हती. प्रणालीचे शब्द हळूहळू लांब होत गेले, मग विरळ झाले. माझ्या हातातली मांडी सैल पडायला लागली. आणि मग पहारा उठला. तिचा पाय लहान मुलाच्या पायासारखा माझ्या हातात पडला.

मी नडगी हलकेच पुढे ओढली.

ती अडली नाही. मऊपणे पुढे आली, आणि येतच राहिली.

प्रणालीने डोळे उघडले. तिला ते आतून कळलं होतं.

"आई," ती म्हणाली, "सरकलं."

काकूंनी तेल चोळणं थांबवलं नाही. फक्त त्यांची बोटं जरा सावकाश झाली. मी काय सापडलं ते सांगितलं, शक्य तितक्या साध्या शब्दांत. दोरीचे बहुतेक धागे तुटलेत. थोडे धरून आहेत. तिचे स्नायू भक्कम म्हणून आजवर निभावलं. रविवारी खांबावर एक वळण चुकीचं बसलं तर उरलेले धागे जातील, आणि बरोबर गुडघ्यातली गादी फाटेल. ती फाटली की खेळणं सोडा, चाळिशीत तिचा गुडघा काकूंच्या गुडघ्यासारखा वाजेल. आत्ता थांबली, तर सर्जन तिच्याच मांडीच्या स्नायूची एक दोरी घेऊन नवं लिगामेंट घालू शकतो. पुढच्या हंगामापर्यंत मैदानात उतरता येईल.

तिने माझं ऐकून घेतलं. पण बघत होती ती वर, सासूबाईंच्या तोंडाकडे.

"म्हणजे रविवारी खेळायचं नाही. असंच ना, आई? म्हणा तुम्ही."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता, तेलाने माखलेला होता.

"मी तसं म्हणायची न्हाई. शब्द दिलाय तुला."

"मग?"

"खेळ की. तुला कोण अडवतंय? पर मला एक सांग. खो कुणाला मिळतो? पळतीला का बसलेलीला?"

प्रणालीने मान फिरवली.

"सांग की गं कर्णधार."

"बसलेलीला."

"मग बस की जरा," काकू म्हणाल्या. "ऊठ म्हणायची येळ आली की मीच खो दीन तुला."

प्रणालीने कूस बदलली, त्यांच्या पोटाशी तोंड लपवलं आणि हमसून हमसून रडली. काकूंचं लुगडं तेलाने आणि आसवांनी भिजलं. मी तिचा पाय सतरंजीवर अलगद ठेवला आणि चहा करायला आत गेले. दुसऱ्याच्या घरात साखर शोधायला वेळ लागतो, तो मला हवाच होता.

*

रविवारी प्रणाली बाहेर बसून ओरडत राहिली. तिचा संघ दोन गुणांनी हरला. काकू त्या दिवशीही सगळ्यांच्या पुढे बसल्या होत्या.

शस्त्रक्रियेत सर्जनने दुर्बिणीतून पाहिलं. जेमतेम काही धागे उरले होते, विरलेल्या सुतासारखे. यंत्र अगदी खरं बोललं होतं. पण ते मुद्रण आम्ही पुसलेलं होतं, त्यामुळे आमच्या यंत्राचं सगळ्यात मोठं यश आमच्या अहवालात कुठेच नाही. काकूंनाही अभ्यासातून वगळावं लागलं. घडला प्रकार मी नैतिकता समितीला सविस्तर कळवला, ऐकलेलं कानात कसं राहिलं तेही. त्यांनी मला खडसावलं आणि सूचनापत्रात एक वाक्य घालायला लावलं. आता प्रत्येक सहभागी माणसाला आम्ही ते मोठ्याने वाचून दाखवतो: हा पट्टा शेकाचा नाही, तो घरात कुणालाही बांधू नये. फिरोजने त्यापुढे आपल्या हाताने लिहिलं, "सुनेलाही नाही." त्याला वाटतं, सूचना नेमकी असलेली बरी.

मग व्यायामाचे महिने. प्रणाली रोज यायची. काकू बरोबर यायच्या, आणि बसून बसून कंटाळल्यावर तिच्याबरोबर तेच व्यायाम करायच्या. या वेळी प्रणाली स्वतः सही करून पट्टा बांधत होती. नवीन अभ्यासाची ती पहिली सहभागी.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर शेवटची तपासणी झाली. नवं लिगामेंट ठाम अडत होतं. उडी, वळण, धाव, सगळं बरोबर. पट्ट्यातला आवाज मऊ होता. मी तिला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "जा. उद्यापासून मैदानात."

ती बाकावर बसून होती. "हो," म्हणाली, आणि उठली नाही.

मी वाट पाहिली. ती उजव्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. चेहरा पांढरा पडला होता. ही भीती मला ठाऊक आहे. लिगामेंट वर्षात जुळतं. पण त्या एका घसरण्याची आठवण कुठल्या यंत्रात ऐकू येत नाही, आणि तिच्यावर माझ्याकडे टाका नाही. कितीतरी चांगले खेळाडू मी अशा बाकावर बसलेले पाहिले आहेत. त्यांतले काही परत उठलेच नाहीत.

"मॅडम, उद्या नको," ती पुटपुटली. "पुढच्या आठवड्यात बघू. किंवा..."

तेवढ्यात मागून मालनकाकू आल्या. पाणी प्यायला गेल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सुनेच्या पाठीकडे बघितलं. पदर खोचला. एक पाय जरा ओढत, पण झपाझप पुढे आल्या आणि प्रणालीच्या पाठीवर पंजा मारून अख्खा व्हरांडा दणाणेल अशा आवाजात ओरडल्या,

"खो!"

नर्स धावत आली. फिरोजने दारातून डोकं बाहेर काढलं. बाकांवरचे सगळे झिजलेले गुडघे वळून बघायला लागले.

आणि प्रणाली उठली. विचार करायच्या आत उठली, उजव्या पायावर जोर देऊन.